पावसाळ्यात पुदिना, कढीपत्ता मायक्रोवेव्हमध्ये वाळवता येतो का?

गच्चीवरली_बाग (लातूर)
नमस्कार मंडळी. औंदा आमच्या गच्चीवर पुदिना असा माजलाय की कुंडी सोडून टाकीखालच्या ओलीत घुसलाय, कढीपत्त्याचं झाड तर पार वरच्या खिडकीला टेकलंय आणि नर्सरीतून हौसेनं आणलेलं ओरेगॅनो अन् बेसिल तेही जोमात आहे. वाटून वाटून किती वाटणार, शेजारीण आता मला पिशवी घेऊन येताना बघितलं की आतूनच "ताई आहे आमच्याकडं अजून" म्हणते. उन्हाळा असता तर प्रश्नच नव्हता हो, पण सध्या कधीची झड लागलीय, कपडे वाळंनात तर पाला कुठून वाळायचा. फॅनखाली पसरून ठेवला तर पुदिना काळाठिक्कर पडायलाय आणि वास कुबट. घरात कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेवरही चालणारा, मायक्रोवेव्ह आहे, त्याच्याकडून आजवर दूध गरम करणं आणि पापड भाजणं एवढंच काम घेतलंय. त्यात वाळवलं तर चालतं का? कोणत्या मोडवर, किती वेळ? वास राहतो का? आणि मशीन तर खराब होणार नाही ना, कारण झाली तर घरचे मला बागेसकट बाहेर काढतील. मुलगी पुण्यात हॉस्टेलला आहे, तिला ताकात टाकायला पुदिन्याची पूड पाठवायचीय.

पाटावरवंटा (परभणी)
चालतं की ताई, बिनधास्त करा. पण कन्व्हेक्शन नाही, साधा मायक्रो मोडच घ्या. मी कढीपत्ता कायम असाच करते. सांगते सगळं, जरा लांबेल.

सकाळी दव उतरल्यावर तोडायचा, फुलावर यायच्या आत, तेव्हा वास सगळ्यात जास्त असतो. धुवून घ्या आणि मग कोरडा करा, आणि कोरडा म्हणजे खरंच कोरडा, पानावर थेंब राहिला की तेवढी जागा शिजते आणि पान भाजीसारखं लिबलिबीत होतं. पुदिन्याच्या काड्या काढून टाका, कढीपत्त्याची पानं दांडीवरून ओरबाडून घ्या. काचेच्या फिरत्या ताटलीवर पांढरं सुती फडकं, जुन्या धोतराचा तुकडा असला तर सोन्याहून पिवळं, त्यावर पानं एकावर एक न येता पसरायची, एका वेळी मूठभरच, वरून दुसरं फडकं. फुल पॉवरवर १ मिनिट. काढा, वाफ जाऊ द्या, पानं उलटी करा. मग ३० सेकंद. त्यानंतर १५-२० सेकंदाच्या वर एकदाही लावायचं नाही, दर वेळी काढून बघायचं. साधारण २ ते ३ मिनिटांत काम होतं, तुमचं मशीन किती वॅटचं आहे त्यावर थोडं मागंपुढं.

झालं कसं ओळखायचं तर पान गार होऊ द्या आणि मग चुरगळा. गरम असताना ते वाळलेलं असलं तरी मऊच लागतं, आणि आपण उगाच अजून अर्धा मिनिट लावतो आणि तिथंच करपतं. गार झाल्यावर कुरकुर वाजून चुरा झाला पायजे. मधली शीर वाकायली आणि तुटंना म्हणजे अजून ओल आहे. कढीपत्त्यात ही शीरच दगा देते, पान वाळलेलं दिसतं आणि शिरंत पाणी असतं.

आता महत्त्वाचं. आत एका कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवत जा. मायक्रोवेव्ह पानाला नाही, पानातल्या पाण्याला तापवतो. पाणी संपत आलं की त्या लहरी घ्यायला आत काही उरत नाही आणि मग त्या मशीनच्याच मुळावर येतात. कपातलं पाणी ते ओझं घेतं. वर्तमानपत्र अजिबात वापरू नका, शाईही लागते आणि पेटतंही. रिसायकल कागदाचा टिश्यूही नको, त्यात कधीकधी धातूचे कण असतात. आणि फडकं जरीकाठाचं नको बरं का, जर म्हणजे तारच, चटचट ठिणग्या उडतात. मशीन चालू ठेवून दाराची बेल वाजली म्हणून जाऊ नका, सुकत आलेला पाला क्षणात धुमसतो.

खरोड्या_पापड (बीड)
लातूरला राहून पाला वाळवायला मशीन?? मे महिन्यात आपल्याकडं ४२ डिग्री असतं, गच्चीवर चादर टाकली की संध्याकाळी पुदिना गोळा करायचा. कामून लाईट बिल वाढवायलेत. आमच्या आईनं हरभऱ्याचा पाला आजन्म असाच वाळवला, हिवाळ्यात खुडायचा, न धुता, कारण धुतला की आंब निघून जाते, घरातच सावलीत पसरायचा आणि मडक्यात भरून ठेवायचा. पावसाळ्यात भाज्या महागल्या की तीच भाजी, लसणाची फोडणी आणि ज्वारीची भाकर. कुठलं मशीन अन् कुठलं काय.

गच्चीवरली_बाग (लातूर)
अहो भाऊ, पुदिना आज माजलाय, मे महिन्यापर्यंत थांब म्हणू का त्याला? 😄 हरभऱ्याच्या वाळल्या भाजीचं मात्र तोंडाला पाणी सुटलं.

अर्धा_चमचा (छत्रपती संभाजीनगर)
दादांचं चूक नाही पण अर्धंच बरोबर आहे. त्यांच्या आईनं सावलीत वाळवला हे बघा, उन्हात नाही. कडक उन्हात पाला वाळतो झटकन पण रंग उडून गवतासारखा होतो आणि वासही जातो. आपल्याकडचा मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की सावलीतच काम होतं, आणि तेव्हा मीही मशीनला हात लावत नाही. पण झडीत हवेतच पाणी, पानातलं पाणी जाणार कुठं? ते हळूहळू सुकत राहतं आणि तेवढ्या वेळात पानातलीच एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक बदल घडवणारी द्रव्यं, त्याला काळं करून टाकतात, कापलेलं वांगं काळं पडतं तेच हे. मायक्रोवेव्हमध्ये पान एकदम तापतं, एन्झाइम्स जागीच निकामी होतात, म्हणून रंग हिरवागार राहतो. ताईंचा फॅनखालचा पुदिना का काळा पडला आणि परभणीच्या ताईंचा कढीपत्ता का हिरवा राहतो त्याचं कारण हे.

वासाचं मात्र सरळ सांगतो, थोडा जाणारच. हर्ब्सला खरी लागणारी उष्णता ३५ ते ४५ डिग्री, त्याच्या वर सुगंधी तेलं उडायला लागतात. वाळवताना घरभर पुदिन्याचा घमघमाट सुटला की लोक खुश होतात, अहो तो घमघमाट बरणीत जायला पायजे होता. म्हणून छोटे छोटे राऊंड, मधे गार होऊ देणं, हे कंटाळवाणं असलं तरी करायचं.

कन्व्हेक्शनबद्दल, बऱ्याच मशीनमध्ये ४० चा ऑप्शन असतो, दही लावायला, पीठ आंबवायला. आकडा बघून मोह होतो पण दार बंद असल्यामुळं आतली ओल बाहेर निघत नाही, पाला घामेजून बसतो. आणि ४० च्या पुढची पायरी कैक मशीनमध्ये एकदम १०० किंवा ११०, तिथं बेसिलचं वाटोळंच. साधा ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, असला तर सगळ्यात कमी आचेवर दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवून करता येतं, पण तास दोन तास जातात. मायक्रोवेव्हमध्ये ही चमच्याची युक्ती चालत नाही, दार उघडं तर मशीन बंद.

नुसताच_वाचक (जालना)
एअर फ्रायर मधे नाही का होनार? आमच्याकडं आहे पडून

अर्धा_चमचा (छत्रपती संभाजीनगर)
होतं, पण पंखा एवढा जोरात असतो की पानं सुकली की उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळका वास पूर्ण खेपेला लागतो. वरून जाळीचं स्टँड उलटं ठेवून दाबा. आणि तुमच्या मॉडेलला सगळ्यात कमी किती डिग्री होतं ते बघा आधी, ८० च्या खाली जात नसलं तर पुदिन्याच्या नादी लागू नका, कढीपत्ता करा, तो बिचारा सोसतो.

गच्चीवरली_बाग (लातूर)
आज केला!! कढीपत्ता आधी केला, फडकं, पाण्याचा कप, सगळं सांगितल्याप्रमाणं. रंग काय सुंदर राहिलाय, एकदम पोपटी नाही पण हिरवा. पानं आक्रसून होडीसारखी झाली आणि बोटानं दाबलं की कडकन मोडायलीत. सासूबाईंना कळेना हे मशीनमधनं आलंय, मग त्यांनीच उत्साहानं तुळस आणून दिली आणि लगेच परत पण नेली, म्हणे तुळस नको बाई त्या डब्यात. असो. आता पुढचा प्रश्न, मेथी केली तर कसुरी मेथी होईल का आणि कोथिंबीर? इथं मंडईत कोथिंबीर कधी मातीमोल तर कधी सोन्याच्या भावानं, स्वस्त असताना करून ठेवावं म्हणते.

पाटावरवंटा (परभणी)
कोथिंबिरीच्या वाट्याला जाऊ नका ताई. वाळते छान, रंगही राहतो, आणि चव बघाल तर वाळलेलं गवत. तिचा सगळा वास ओलेपणात आहे. बेसिलचंही बऱ्यापैकी तेच. त्यापेक्षा बारीक चिरून बर्फाच्या ट्रेत थोडं पाणी किंवा तेल घालून फ्रीजरला टाका आणि खडे झाले की पिशवीत भरा, वरणात एक खडा टाकला की झालं. ओरेगॅनो, कढीपत्ता, पुदिना, शेवग्याचा पाला हे वाळवायच्या लायकीचे. ओरेगॅनो तर वाळला की उलट जास्त खुलतो.

वांगी_भरीत (नांदेड)
मेथीचं मी सांगतो. होते मेथी वाळून, धपाट्याला, डाळीला एक नंबर लागते, पण पाकिटातल्या कसुरीसारखा वास येईल ही आशा धरू नका. ती मेथी जातच वेगळी आहे, पान बारीक, आपल्या देशात मोठं पीक राजस्थानात नागौरकडं घेतात. आपली भाजीची मेथी तिची चुलत बहीण म्हणा. त्यामुळं घरच्याला घरची मेथी म्हणूनच वापरायचं, आणि टाकायच्या आधी तव्यावर अगदी हलकी कोमट करून हातावर चोळायची, फरक कळतो. माती लई असते मेथीला, तीन पाण्यातनं काढा नायतर दाताखाली लातूर येईल 😂

आणि वरच्या दादांच्या लाईट बिलाबद्दल, मायक्रोवेव्ह १२००-१३०० वॅट ओढतो असं धरलं तरी ३ मिनिटाला युनिटचा सोळावा भाग. एक मूठ पाल्याला काहीच नाही. पण पोतंभर पाला असला तर मात्र मूठमूठ करत बसणं म्हणजे वेड लागायची पाळी, तिथं ट्रेवाला डिहायड्रेटर, म्हणजे वाळवायचं विजेचं मशीन, किंवा सोलर ड्रायरच. आपल्या महाराष्ट्रातल्या गावांतल्या बायकांना सोलर ड्रायर देऊन कांदा, आलं वाळवून घेणारी एस फॉर एस म्हणून कंपनी आहे, त्यांना २०२३ ला अर्थशॉट प्राइज हे पर्यावरणाचं जागतिक बक्षीस मिळालं. बचत गटाला करायचं असंल तर त्या वाटेनं विचार करा, घरच्यापुरतं मायक्रोवेव्ह बस.

खरोड्या_पापड (बीड)
सोळावा भाग असंल तर मी माझे शब्द मागं घेतो. पण लाईट असली पायजे ना तेवढी ३ मिनिटं, आमच्याकडं झड आणि लाईट दोघांचं पटत नाही. मेथीला तव्यावर मंद आचेवर नाही का जमत?

वांगी_भरीत (नांदेड)
जमतं पण बुडाला करपतं, सारखं हलवावं लागतं आणि हलवलं की चुरा. आच एकदम बारीक, तवा जाड पायजे.

गच्चीवरली_बाग (लातूर)
शेवटचं विचारते, पूड करूनच पाठवू का मुलीला? आणि टिकंल किती?

पाटावरवंटा (परभणी)
पूड नको, अख्खी पानंच पाठवा, तिला म्हणावं ताकात टाकताना हातावर चुरड. पूड केली की वास लवकर उडतो. काचेची बरणी, झाकण घट्ट, गॅसच्या शेजारच्या फळीवर नको आणि खिडकीतही नको. वर्षभर टिकतं, पण सहा महिन्यात संपवलं तर चव चांगली. पाठवायच्या आधी आठवडाभर तुमच्याकडंच बरणीत ठेवा आणि रोज बघा, आतून काचेला दमटपणा दिसला किंवा पानं परत मऊ पडली तर काढून अजून १५ सेकंद फिरवा. बुरशीचा डाग दिसला तर मात्र सगळं टाकून द्या, वरचं वरचं काढून वापरू नका. आणि तिला सांगा ताज्याच्या तिसरा हिस्साच घाल, ३ चमचे ओल्या पुदिन्याच्या जागी १ चमचा पुरे, नाहीतर ताक कडू झालं म्हणून फोन येईल तुम्हाला.