प्रति: हर्णै की मुरुड?
वर कुणीतरी म्हटलंय, "हर्णैत वास मारतो, मुरुडच्या रिसॉर्टवरच थांबा." राहायला दापोलीजवळचं हे मुरुड ठीक, पण शेजारच्या हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका. आम्ही जळगावची मंडळी, मासा म्हणजे तापीचा एवढंच ठाऊक. बैलगाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात शिरली, होडीतल्या टोपल्या गाडीत आल्या, आई ओरडली, "माय वं, बैल समुद्रात!" मागे समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला. सुरमईची बोली आमच्या केळीच्या सौद्यापेक्षा झटपट तुटते. रिसॉर्टवर त्याच सुरमईच्या दोन तुकड्यांचं बिल बघून वडील गप्पच झाले (शेवभाजी तिथे मागू नये, अनुभव आहे). आणि जून-जुलैत जाऊ नका, मासेमारी बंद असते.