‘कॅन्डीमन’ला मराठीत काय म्हणाल?

रेघोटी: दिवाळी अंकासाठी इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या टॉमी आर्मस्ट्राँगवर (१८४८–१९२०) लेख लिहितेय. कोळसा खाणीतला माणूस. गाणी रचायचा, छापून पेनीला एक विकायचा. १८८५च्या संपावर त्याचं ‘ओकी स्ट्राइक इव्हिक्शन्स’ आहे. घरं खाणमालकांची, म्हणजे संप केला की घर गेलंच. बिऱ्हाडं बाहेर काढायला आलेल्यांना गाण्यात ‘कॅन्डीमन’ म्हटलंय. मी ‘मिठाईवाले’ लिहिलं. संपादकांनी समासात विचारलं, “मिठाईवाल्यांना फाशी कशापायी?” कारण धृपदात तो म्हणतो, माझ्या हातात असतं तर विसाच्या वीस कॅन्डीमन आणि तो घंटावाला जॉनी, सगळ्यांना लटकवलं असतं.

ताकपिठं: जप्तीवाले. संपला विषय.

रेघोटी: जप्ती कुठेय? सामान कुणी नेलं नाही, नुसतं दाराबाहेर मांडलं. एकेका दारावर तिघे-तिघे उभे केले होते.

शुद्धमती: ‘निष्कासक’ हा नेमका शब्द आहे.

ताकपिठं: निष्कासक ऐकून कोणता खाणकामगार शिवी देईल हो?

वणीकर: आमच्याकडे क्वार्टर खाली करायची नोटीस आली की ‘बेलीफ येऊन राह्यला’ म्हणत. पण तो सरकारी, पगारी. तुमचे हे रोजावर आणलेले दिसतात. मूळचा धंदा काय त्यांचा?

रेघोटी: फेरीवाले. चिंध्या, हाडं घ्यायची आणि बदल्यात गोळी-कॅन्डी द्यायची. असल्या कामाला माणसं कमी पडली की यांनाच धरून आणत. पुढे ज्यानं जन्मात कॅन्डी विकली नाही तोही कॅन्डीमनच झाला.

उंबरठा: मग बोहारीणच की! जुने कपडे द्या, पातेलं घ्या.

शुद्धमती: बोहारणीला यात ओढू नका. दुपारभर घासाघीस करून एका स्टीलच्या डब्यावर नऊवारी नेणारी बाई ती, तिनं कुणाचं घर मोडलं नाही. पोटाचा धंदा आहे, त्याची शिवी करू नये.

रेघोटी: आर्मस्ट्राँगच्या लोकांनी नेमकं तेच केलं ना पण? शब्दात तीच तर गंमत आहे. कालपर्यंत पोरांना गोळी देणारा आज आईची परात अंगणात फेकतो. ‘भाडोत्री’ लिहिलं तर हे सगळं जातं.

ताकपिठं: ‘कॅन्डी’ आपलाच शब्द, बरं का. संस्कृत ‘खंड’, फारसीत ‘कंद’, अरबीतून युरोपात. म्हणजे खडीसाखरेची चुलतबहीण. आणि वजनाची ‘कॅन्डी’ म्हणजे आपली खंडी, वीस मण. मेंढरंही वीस झाली की खंडी. वीस कॅन्डीमन म्हणजे बरोब्बर एक खंडी! योगायोग म्हणू नका.

शुद्धमती: योगायोगच आहे. कानाला सारखं वाटलं की व्युत्पत्ती होत नाही.

ताकपिठं: मौज म्हणून सांगितलं हो.

वणीकर: आमच्या कॉलनीत भंगारवाला यायचा, लोखंडावर सोनपापडी द्यायचा. गाडीला घंटा. मी बाबांचा चांगला पाना देऊन सोनपापडी खाल्ली होती, मग पाठीवर जे मिळालं ते वेगळं. ‘सोनपापडीवाला’ चालेल काय?

उंबरठा: घंटेवरून आठवलं, जॉनीचं काय केलंत?

रेघोटी: ‘दवंडीवाला जॉनी’ केलंय. गावात घंटा वाजवून वर्दी देणारा तो.

शुद्धमती: दवंडी ढोलाची असते, घंटेची नाही.

उंबरठा: आमच्या गावात ग्रामपंचायत भोंग्यावरून दवंडी देते. तिथे ढोल कुठे असतो?

शुद्धमती: आणि मथळ्यात ‘खाणीतला शाहीर’ लिहिणार असाल तर तेही खटकेल. शाहिराला डफ लागतो, झीलकरी लागतात.

रेघोटी: १८८२ साली ट्रिमडन ग्रेंजच्या खाणीत स्फोट होऊन ७४ माणसं गेली, त्यावर त्यानं लगेच गाणं रचलं. ताज्या घटनेवर, लोकांसमोर म्हणायला. हे शाहिराचंच काम नाही का? ‘गीतकार’ म्हटलं की मला सिनेमा आठवतो.

ताकपिठं: पोवाडा वीराचा असतो. हा विलाप झाला.

वणीकर: सोनपापडीवाल्याचं काही ठरलं नाही मग?

उंबरठा: लोखंडावर सोनपापडी की बुढ्ढीके बाल? आमच्याकडे बाटल्यांवर बुढ्ढीके बाल मिळायचे.

वणीकर: सोनपापडीच. बाटलीला अर्धीच.