भुईमुगाचा शेंडा जळतोय: शेंडेमर की दुसरंच काही?

माणदेशी: नमस्कार मंडळी. दीड एकर भुईमूग आहे, पेरून ३५ दिवस झाले, आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे दांडे) सुटायला लागल्यात. बांधाकडच्या ओळींत शेंडे काळे पडून वाळतायत. दुकानदार शेंडेमर, म्हणजे शेंडा जाळणारा विषाणूरोग म्हणाला, दोनदा फवारलं, फरक नाही. पुतणी म्हणते पानं जनुकीय तपासणीला पाठवा. विषाणूवर औषधच नाही, मग त्याचं नाव कळून माझ्या हाती काय लागणार?

शेंगाताई: दादा, बरंच लागतं. मी नऊ वर्षं प्रयोगशाळेत याच विषाणूंवर काम केलं. सुरुवातीला एका शेतकऱ्याला नुसती पानं बघून मी शेंडेमर सांगितलं होतं. तपासणीत निघाला तंबाखू स्ट्रीक नावाचा दुसराच विषाणू. तोवर त्यांचा आठवडा हातचा गेला, ते मला अजून सलतं.

शेंडा दोन्हींत सारखाच जळतो. दोन्ही विषाणूंचे जनुक आरएनएच्या तीन तुकड्यांत असतात, पण नातं काही नाही. आंध्रातल्या अनंतपूरला २००० साली हेच झालं. सव्वादोन लाख हेक्टरांवर भुईमूग वाळला, ३०० कोटींच्या वर नुकसान झालं. दिसायला ते शेंडेमरच होतं. विषाणूच्या कवचाचं जनुक वाचल्यावर कळलं, हा तंबाखू स्ट्रीक, सूर्यफुलावर येतो तोच.

आता तुमच्या कामाचं. शेंडेमरचा विषाणू फुलकिड्याच्या, म्हणजे पानं खरवडून रस पिणाऱ्या बारीक किड्याच्या अंगात राहतो. पिल्लू असताना रोगी झाडावर चरलं की तो किडा मरेपर्यंत रोग वाहतो. तंबाखू स्ट्रीकचं तसं नाही. तो परागात असतो. फुलकिडे पराग अंगावर घेऊन येतात, पान खरवडतात आणि त्या जखमेतून विषाणू आत शिरतो. हा पराग बहुतेक गाजर गवताचा असतो, आणि ते गवत स्वतः मात्र अगदी निरोगी दिसतं! तुमच्या बांधावर आहे का?

माणदेशी: कमरेएवढं आहे ताई. फुलावर आहे.

शेंगाताई: मग मला तंबाखू स्ट्रीकचीच शंका येते. झाड उपटून बघा. देठ, आऱ्या आणि शेंगांवर काळे डाग असतील तर शंका बळावते. बगलेतून बारक्या, वेड्यावाकड्या पानांचे झुपके फुटले असतील तर शेंडेमर. तरी तपासणी कराच. नुकतीच लक्षणं दिसू लागलेली कोवळी पानं घ्या, वाळलेली नकोत. ओलसर कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा. आरएनए फार लवकर तुटतो.

विहीरकाठ: आम्ही गेल्या खरिपापासून भुईमुगाभोवती ज्वारीच्या चार दाट ओळी घेतो. बांधाकडचा रोग निम्म्यावर आला, हा माझा अनुभव. गाजर गवत मात्र फुलायच्या आधीच काढायचं.

माणदेशी: रोगी झाडं उपटू का? आणि बी पुढच्या साली चालेल?

शेंगाताई: सरसकट उपटू नका. रान विरळ झालं की फुलकिडे तिथेच जास्त उतरतात. या दोन्ही रोगांचे विषाणू भुईमुगाच्या बियातून जात नाहीत, भरलेला दाणा निवडून ठेवा. बियातून जातो तो गुच्छरोगाचा विषाणू, त्यात झाडं खुजी, गर्द हिरवी दिसतात. तसं झाड दिसलं तर फोटो टाका.

माणदेशी: आऱ्यांवर काळे डाग आहेत ताई. पुतणी उद्या सकाळी पानं घेऊन निघतेय, मी गवताला लागतो.