बाथरूमची फरशी स्वतः बसवणं: जमतं की अंगाशी येतं?

खटपट्या: फरशीकाम शिकायला बाथरूमसारखी जागा नाही. काम केवढंसं! दीड मीटर बाय २.४ मीटर म्हणजे ३.६ चौरस मीटर. ३०० मिमीच्या ४० टाइल, तुटफूट धरून ४५ घ्याव्यात. ३ मिमी थराला चौरस मीटरमागे साधारण साडेचार किलो अॅडहेसिव (टाइल चिकटवायची पावडर) लागतं, म्हणजे २० किलोची पिशवी जेमतेम पुरते. कालवून ५ मिनिटं मुरू द्यायचं, पुन्हा ढवळायचं, खाचांच्या थापीने एकाच दिशेने ओढायचं. टाइलांमध्ये सारखी फट राहायला २-३ मिमीचे स्पेसर, दुसऱ्या दिवशी त्या फटींत ग्राउट. यात मिस्त्रीवाचून अडतं कुठे?

गुण्या: ढाळापाशी अडतं, म्हणजे पाणी वाहून जायच्या उतारापाशी. तुमच्या हिशेबात तो आहे कुठे? १०० ला १ धरला आणि ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीचं तोंड, कोपऱ्यात असला तर समोरचा कोपरा २४ + १५ = ३९ मिमी उंच हवा. त्यावर टाइल आणि अॅडहेसिवचे १२ मिमी. दार त्याच कोपऱ्यात असेल तर उंबऱ्याला ५१ मिमी पुरतात का, हे कोबा (टाइलखालचा सिमेंटचा थर) घालायच्या आधी बघावं लागतं. नवशिके ढाळ अॅडहेसिवमध्येच काढायला जातात. जाड थर सुकताना आकसतो, टाइल खाली ओढली जाते आणि तिथे डबकं होतं.

खटपट्या: ढाळ कोब्यातच काढायचा, मान्य. पण त्यात जादू नाही. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारी भिंतींवर समपातळीची रेघ मारा आणि तिथून खाली मापं घ्या. ट्रॅप कोपऱ्यात असला की सगळी जमीन एकच तिरका पाट होते, टाइल सरळ बसतात. ट्रॅप मधोमध असेल तर मात्र मीही मिस्त्रीच बोलवा म्हणेन: चार बाजूंचे चार उतार, टाइल कर्णावर कापत बसा. नाहीतर १०० मिमीच्या घ्या. ६०० मिमीच्या टाइलचं नाव काढू नका.

नळावरची: दोघंही वरवरचं बोलताय. टाइल आणि साधा ग्राउट पाणी अडवत नाहीत. अडवतो तो खालचा वॉटरप्रूफिंगचा थर. ब्रशने दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा. भिंत-जमिनीच्या सांध्यात जाळीची पट्टी, भिंतीवर निदान १५० मिमी, शॉवरकडे त्याहून बरंच वर. सगळ्यात जास्त गळतं ते ट्रॅपच्या गळ्याशी, कारण ब्रश तिथे नीट पोचत नाही. थर वाळला की ट्रॅपला बूच लावून २४ ते ४८ तास पाणी कोंडायचं, पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि खालच्या छताला ओल येते का पाहायचं. एवढा धीर नसेल त्याने थापी हातात घेऊ नये.

गुण्या: हेच म्हणतोय. चूक कळेपर्यंत टाइल बसलेल्या असतात.

खटपट्या: मिस्त्री हे सगळं करतो असं गृहीत का धरता? टाइलच्या पाठीवर मालाचे पाच गोळे ठेवून दाबायची पद्धत अजून गेलेली नाही. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साचतं, बादली आपटली की कोपरा उडतो. स्वतः करणारा निदान दर पाच-सहा टाइलनंतर एक उचलून पाठ बघतो. खाचांच्या रेघा चेपून सगळी पाठ करडी दिसली पाहिजे; मध्ये कोरडे पट्टे राहिले तर टाइलच्या पाठीलाही हात मारायचा. फक्त एकदम मोठा भाग पसरू नका. साधारण २० मिनिटांत थरावर साय धरते, मग बोटाला लागत नाही आणि टाइलला धरत नाही.

घाईत: जुन्या फरशीवरच नवी चिकटवली तर?

खटपट्या: नाण्याने वाजवून बघा. कुठेच पोकळ वाजत नसेल आणि चकाकी घासून काढली तर त्यासाठीचं अॅडहेसिव मिळतं.

नळावरची: मिळतं, पण ट्रॅपची जाळी १२ मिमी खड्ड्यात जाते आणि खालचं वॉटरप्रूफिंग कसं आहे ते कळतच नाही. आधीच गळत असेल तर फोडा. आणि भिंत-जमिनीच्या सांध्यात ग्राउट नको, सिलिकॉन भरा; दोन्ही वेगवेगळं हलतात, ग्राउटला तिथे पहिली चीर जाते.