पांढऱ्या लाकडाचं पेन मोरपंखी करायचंय: रंग बोळ्यावर का उतरतो?

कातारी_विटा:
नमस्कार मंडळी. घरच्या छोट्या लेथवर लाकडी बॉलपेनं करतो, आत ७ मिमीची पितळी नळी बसवून. सागवान, शिसम, बाभूळ यांना रंगाची गरजच पडत नाही. पण बहीण शाळेत शिकवते, तिला मोरपंखी पेन हवंय. त्यासाठी शिवणीचा तुकडा काढलाय. सांगलीतून स्पिरिटमध्ये विरघळणारी रंगाची पूड आणली. रंग लावला तेव्हा झकास दिसत होता, पण वरून चपडीच्या (लाखेच्या) पॉलिशचा कापडी बोळा फिरवला की निळा सगळा बोळ्यावर येतो आणि पेनावर पट्टे उरतात. शिवाय दोन्ही टोकं जवळजवळ काळी पडतात आणि मधला भाग फिका राहतो. काय करावं? आणि आणखी एक, आपल्याकडे हळदीला तोटा नाही, तर पिवळ्या पेनाला हळद चालेल का?

पॉलिशवाला_मिरज:
दादा, रंग चांगलाच आहे, जोडी जमली नाही. चपडी स्पिरिटमध्ये विरघळते आणि तुमचा रंगही स्पिरिटमध्येच. ओला बोळा वरून गेला की खालचा रंग पुन्हा सुटणार. रंग पाण्याचा घ्या आणि वर पॉलिश स्पिरिटचं ठेवा. चपडीचे पहिले दोन-तीन हात मात्र पातळ आणि झटपट द्या, एकाच जागी घासत बसू नका.

मी मिरजेत तंबोऱ्याच्या पॉलिशवर शिकलो. तिथे आम्ही रंग लाकडात मुरवतच नव्हतो, पॉलिशमध्येच घालायचो. त्याला कारण आहे. तंबोऱ्याची दांडी तुणीची आणि खाली पंढरपूरकडचा भोपळा. लाकूड रंग पितं, भोपळ्याची कडक साल पीत नाही. दोन्ही एकसारखी दिसायची तर रंग वरच्या थरातच हवा. पण तंबोरा मांडीवर असतो आणि पेन बोटांत. घामाने, हाताला लावलेल्या सॅनिटायझरने चपडी मऊ पडते, झिजते, आणि तिच्यासोबत रंगही जातो. म्हणून पेनाला मी लाकडात मुरलेला रंगच सांगेन.

पाण्याच्या रंगाची एकच कटकट, लव उभी राहते. त्याचा इलाज रंगाच्या आधीच करायचा. ४०० नंबरच्या पेपरपर्यंत घासून झालं की लेथ बंद करा, ओल्या फडक्याने लाकूड नुसतं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग बोट फिरवून बघा, दोन दिवसांच्या दाढीसारखं टोचतं. त्यावरून जुना, झिजलेला पेपर रेषेच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. लव तेवढी कापली गेली पाहिजे, खालचं लाकूड उघडं पडता कामा नये. असं दोनदा केलं की तिसऱ्यांदा रंग लावल्यावर लव फारशी उठत नाही.

टोकं काळी पडतात कारण तिथे रेषा तोंडाशी उघड्या असतात आणि तहानल्यासारखा रंग ओढतात. रंग लावण्याआधी टोकांना, फक्त टोकांनाच, अगदी पातळ चपडीचा एक हात द्या. बाजूवर ओघळू देऊ नका, नाहीतर तिथे पांढरा डाग पडेल. रंगही एकदम गडद नको. फिका करून दोन-तीनदा लावा, दर वेळी वाळू द्या. हवा तो गडदपणा आला की थांबता येतं, एकदा गडद झालेला परत सहज फिका करता येत नाही.

शिवणीचं लाकूड थोडं पिवळसर असतं, त्यामुळे निळा हिरव्याकडे झुकतो. मोरपंखीला हे उलट बरंच आहे. निव्वळ निळं हवं असतं तर मी शिवण घेतलीच नसती, कुड्याचं पांढरं लाकूड शोधलं असतं.

हळद मात्र नको. रंग सुंदर चढतो, पण उन्हात टिकत नाही, खिडकीतल्या टेबलावर पडलेलं पेन बघता बघता फिकं होतं. साबणाचा हात लागला तर तांबूस डागही पडतो, कुंकू करताना हळद लाल होते तसलाच प्रकार. पिवळंच हवं तर हळदूचं लाकूड घ्या, ते मुळातच पिवळं असतं. विकत आणलेल्या पुडीचाही भरवसा धरू नका. त्याच लाकडाच्या तुकड्यावर रंग लावा, अर्ध्यावर कागद गुंडाळा, गच्चीवर आठवडाभर उन्हात ठेवा. कागद काढल्यावर दोन भाग वेगळे दिसले तर तो रंग बहिणीच्या पेनाला लावू नका.

कोरेगावकर:
काकांशी सहमत. एक गोष्ट जोडतो, कारण फिक्या लाकडावर ती हमखास नडते. लेथवर पेनाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी बुश, म्हणजे लाकूड किती जाडीचं ठेवायचं ते दाखवणाऱ्या कड्या, असतात. पेपर त्यांच्यावर घासला की काळी पूड उडते आणि लाकडाच्या तोंडात बसते. वरून पाण्याचा रंग लावला की तिथे करडे डाग. टॅनिन असलेलं लाकूड असेल तर लोखंडाने आणखी काळं होतं. म्हणून शेवटचं घासणं बुश काढून करा, आणि रंगाआधी कोरड्या ब्रशने पूड झाडून घ्या.

रोजच्या वापराच्या पेनाला मी चपडीऐवजी पातळ सुपर ग्लूचे थर देतो. पण लाकडात ओल उरली असेल तर तो पांढुरका होतो, म्हणून पाण्याचा रंग रात्रभर वाळू द्या. पहिले चार-पाच थर होईपर्यंत पेपर लावायचा नाही. रंग लाकडात केसभरच गेलेला असतो, पेपर खाली पोचला की पांढरं दिसायला लागतं. ग्लू पुसायला सुती चिंधी अजिबात घेऊ नका. तो सुताशी लगेच तापतो, धूर येतो, बोट भाजतं. टिश्यू घ्या, तोही थोडाच, आणि खिडक्या उघड्या ठेवा. डोळ्यांना चष्मा हवाच.

कातारी_विटा:
काका, कोरेगावकर दादा, दोघांचे आभार. आधीच्या पेनावर पट्टे उरलेत, त्यात रंग अजून आहे. नळी बसवलेली आहे, ते वाया जाईल का?

पॉलिशवाला_मिरज:
वाया कशाला जाईल? लेथवर फिरतं ठेवून स्पिरिटच्या फडक्याने आधी चपडी उतरवा, फडकं बदलत राहा. मग २४० च्या पेपरने एक पातळ थर काढा. पट्टे वरवरचे असतील तर जातील. टोकांना थोडा निळा राहिलाच तर राहू द्या, वरून मोरपंखीच येणार आहे. फक्त बुशपेक्षा बारीक होईपर्यंत घासू नका, नाहीतर टोपी बसवताना कड बोटाला लागते.