गुलाबांच्या वाफ्यात सोबतीला कोणती फुलझाडं लावू?

बागवेडी_पुणे: कंपाउंडच्या भिंतीलगत साधारण १४ फूट लांब, ३ फूट रुंद वाफा आहे, त्यात हायब्रीड टी (लांब दांड्यावर एकेक मोठं फूल येणारे) गुलाब आहेत, लाल आणि गुलाबी. ऊन दुपारपर्यंत मस्त. प्रॉब्लेम हा की वर फुलं छान आणि खाली नुसत्या काटेरी काटक्या दिसतात. इंग्लंडच्या बागांचे फोटो बघून लॅव्हेंडर लावायचं डोक्यात आहे, आपल्याकडे जमेल का? की झेंडूच बरा?

मातीतलामाणूस: लॅव्हेंडर नको ताई, आपल्या पावसाळ्यात मुळं कुजतात, कुंडीत हौस भागवा. तोच जांभळा-निळा रंग हवा असेल तर निळा साल्व्हिया (फॅरिनेसिया) लावा, दीड-दोन फूट होतो आणि तुरे उभे येतात म्हणून गुलाबाच्या गोल फुलापुढे उठून दिसतो, तसाही निळा रंग गुलाबात मिळत नाहीच. सोलापूर रोडवरच्या नर्सऱ्यांमध्ये हिवाळ्यात रोपं असतात. पुढच्या कडेला पांढरं अ‍ॅलिसम, ते अर्ध्या फुटाच्या आतच राहतं.

गच्चीवरचीबाग: झेंडू लावा की, मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींवर (मातीतले बारीक किडे) चांगला उपाय!

मातीतलामाणूस: सूत्रकृमींचं खरंय, पण दसऱ्याला विकतात तो मोठा झेंडू नका लावू, तो तीन फूट वाढून गुलाबाचं ऊन खातो आणि उन्हाळ्यात त्याच्यावर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आला की गुलाबावर सरकायला वेळ लागत नाही. बुटका फ्रेंच झेंडू चालेल, तोही मार्चमध्ये उपटून टाका. आणि काहीही लावलंत तरी गुलाबाच्या बुंध्याभोवती फूटभर जागा मोकळी सोडा, हे सगळ्यात महत्त्वाचं. खत तिथेच घालायचं असतं, हवा खेळली नाही तर पानांवर काळे ठिपके येतात, आणि डोळा भरलेल्या जागेच्या (म्हणजे रानटी गुलाबाच्या खुंटावर कलम केलंय तिथल्या) खालून रानटी फुटवा आला तर तो गर्दीत दिसतच नाही, मग दोन महिन्यांनी कळतं की गुलाब गायब आणि खुंटच माजलाय.

नाशिककर: +१. सदाफुलीपण टाळा, बी पडून सगळा वाफा व्यापते. पेंटास बरा, पण छाटत राहावा लागतो.

बागवेडी_पुणे: बापरे, बुंध्यापर्यंत गच्च भरायचाच प्लॅन होता माझा! बरं मग अ‍ॅलिसम कधी आणि कसं पेरू? बी फारच बारीक दिसतंय.

मातीतलामाणूस: ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी कराल त्याच आठवड्यात. छाटणीनंतर दीडेक महिन्यात गुलाब फुलतो, अ‍ॅलिसमलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून कडेने भुरभुरवा, वर माती टाकू नका, आणि पाणी झारीनेच, पाइपने मारलंत तर सगळं बी वाहून एका कोपऱ्यात उगवेल.

नाशिककर: आमच्याकडे मुंग्या नेतात बी, तेवढं बघा.