'रक्तिमा' ग्रहावर कॅक्टस? रात्र कुठून आणणार?

तिवर:
नकाशेवाल्यांनी रचलेल्या 'रक्तिमा' या काल्पनिक ग्रहाच्या नकाशाचं कौतुक झालं, आता त्यातल्या झाडांकडे बघू. लाल खुजा तारा, 11 दिवसांचं वर्ष, ग्रहाची एकच बाजू कायम उन्हात. आणि त्या बाजूला म्हणे 'रात्री श्वास घेणारे कॅक्टस, मैलोन्‌मैल'. रात्री? कुठल्या?

कॅक्टसची सगळी करामतच रात्रीवर उभी आहे. हवा थंड-दमट असताना पर्णरंध्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं मॅलिक आम्ल रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, साठवायचं. उजाडलं की रंध्रं बंद, आम्ल मोडून आतल्या आत साखर. पानफुटीचं पान पहाटे आंबट लागतं आणि संध्याकाळी नाही, ते यामुळेच. सूर्य जागचा हलतच नसेल तर आम्ल भरणार कधी? तिथे ज्वारी, मका, ऊस ही सी-4 मंडळी शोभतील. त्यांची वाटणी वेळेची नाही, जागेची: बाहेरच्या पेशीत कार्बन पकडायचा, शिरेभोवतीच्या पेशीत वापरायचा.

शिवाय गुरुत्व पृथ्वीच्या 0.6 पट म्हणून झाडं 400 मीटर! आपल्याकडच्या सर्वांत उंच झाडांची, रेडवूडची, कमाल उंची 122 ते 130 मीटर काढलेली आहे. 0.6 ने भागा, 217 च्या वर जात नाही. तेही उदारपणे, कारण पाणी वर नेणाऱ्या नलिकांमधलं घर्षण गुरुत्वाबरोबर कमी होत नाही.

नकाशेवाला:
उंचीचं घ्या, 200 करतो. पण पानफुटीचं आतलं दिवस-रात्रीचं घड्याळ सततच्या उजेडातही काही दिवस चालतं, हे सोयीस्कर विसरलात. आणि कॅक्टस म्हणजे काय, आपला निवडुंगच की. शब्दाला कशाला धरता?

चीकट:
झालं! आपला त्रिधारी निवडुंग कॅक्टस नाही हो, युफोर्बिया आहे, कूळच वेगळं. काटे बघा: युफोर्बियाला जोडीजोडीने, कॅक्टसला लवदार गादीतून झुबक्याने. फांदी लावताना फरक कळतो. युफोर्बियाची कापलेली बाजू आधी पाण्यात धरून चीक थांबवायचा, मग आठवडाभर सावलीत सुकवायची. ओलीच पुरली तर बुडातून कुजते. चीक डोळ्यात गेला तर दवाखाना.

बुधवार:
सुकवावी कॅक्टसचीही लागते. चीक ही खूण धरू नका, मॅमिलेरिया या कॅक्टसच्या काही जातींत पांढरा चीक असतो. आणि फड्या निवडुंग तर अस्सल कॅक्टस, नाव मात्र निवडुंग.

चीकट:
चीक ही खूण आहे असं मी लिहिलंच नाही, परत वाचा. फड्या अमेरिकेतून आला, लोकांनी ओळखीचं नाव चिकटवलं. मराठीत नाव एक म्हणून कूळ एक होत नाही.

तिवर:
तुमचा चीक आटपला असेल तर मुद्द्यावर येऊ का? घड्याळ चालेल, नकाशेवाले, पण त्या घड्याळात थंड वेळच नाही. रंध्रं केव्हाही उघडा, पाणी तितकंच उडणार.

बुधवार:
बुध ग्रहासारखं करा: दोन वर्षांत तीन गिरक्या. मग एक दिवस-रात्र दोन वर्षांची, म्हणजे 22 दिवसांची. रात्र मिळाली की नाही?

तिवर:
मिळाली, 11 दिवसांची! रिक्तिका एका रात्रीत भरते आणि दुपारपर्यंत रिकामी होते. पुढचे दहा दिवस रंध्रं मिटून नुसतं जगायचं, वाढ शून्य. आणि मूळ नकाशात, सूर्य कायम डोक्यावर असतो तिथे वाळवंटच कशावरून? एकच बाजू उन्हात असलेल्या ग्रहांच्या हवामान-प्रारूपांत तिथे दाट ढग दिसतात.

नकाशेवाला:
ठीक. वाळवंट पुसलं, कॅक्टस उपटले, तुमची ज्वारी पेरली. समाधान?

कोरडवाहू:
जरा थांबा. ज्वारी लहान दिवसाचं पीक. कितीतरी देशी वाण रात्र लांबल्याशिवाय निसवतच नाहीत. कायमच्या उजेडात ताट वाढत राहील, कणीस नाही. तिवरसाहेब, तुमच्या ग्रहावर नुसता कडबा.

तिवर:
...मका म्हणालोच होतो की मी.